होइस्ट घेताना आधी फेरे मोजा, टन मागाहून

खामगावच्या किंवा चिखलीच्या एमआयडीसीतला कारखानदार होइस्टची चौकशी करतो तेव्हा फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘दोन टनाचा कितीला पडेल?’ विकणाराही भाव सांगून मोकळा होतो. त्याच्याकडे दोन टनाचे चार-पाच तऱ्हांचे होइस्ट असतात आणि त्यातला सगळ्यात स्वस्त आधी खपतो. मग सहा महिन्यांत ब्रेक घसरायला लागतो, वर्षाच्या आत मोटर रिवाइंडिंगला जाते आणि ‘इलेक्ट्रिक होइस्ट आपल्याकडे टिकत नाही’ असं ठरवून जुनी चेन-कप्पी पुन्हा टांगली जाते. बहुतेक वेळा होइस्टमध्ये खोट नसते. दिवसातून दहा वेळा उचलायला बनवलेल्या यंत्राकडून शंभर वेळा उचलून घेतलेलं असतं.

म्हणून दुकानदाराला फोन करण्याआधी कागद-पेन घेऊन शेडमध्ये उभं राहा आणि एक पूर्ण पाळी फक्त मोजा: किती वेळा उचललं, किती उंच, हुक किती वेळा रिकामा वर-खाली गेला, आणि जागेवर नीट बसवण्यासाठी बटण किती वेळा टकटक दाबलं. होइस्टचा वर्ग ठरतो तो यावर. एम३ वर्गाच्या होइस्टला साधारण तासाला १५० स्टार्ट आणि २५ टक्के चालू वेळ चालते. एम४ ला १८० आणि ३० टक्के, एम५ ला २४० आणि ४० टक्के, एम६ ला ३०० आणि ५० टक्के. काही पत्रकांत याच क्रमाने १बीएम, १एएम, २एम, ३एम अशी युरोपीय नावं दिसतात. स्टार्ट म्हणजे बटणाचा प्रत्येक दाब, ती टकटकही त्यात धरायची. आणि टक्के साधारण दहा मिनिटांच्या फेऱ्यावर मोजायचे: २५ टक्के म्हणजे अडीच मिनिटं मोटर चालली तर साडेसात मिनिटं थंड व्हायला हवीत.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी, आणि आजही दिवाळीनंतर घाटाखालच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईच्या गाठींचीच उचल-ठेव चाललेली असते. एक गाठ १७० किलोची. समजा दिवसाला १२० गाठी ट्रकवर चढवायच्या आहेत आणि मालकाच्या मनात मोनोरेलवरचा होइस्ट आहे. गाठ वर, गाठ खाली, रिकामा हुक वर, रिकामा हुक खाली. प्रत्येक वेळी ३ मीटर धरले तर एका गाठीमागे १२ मीटर. मिनिटाला ४ मीटर वेगाच्या होइस्टला त्याला ३ मिनिटं लागतात. १२० गाठींना सहा तास. आठ तासांच्या पाळीत सहा तास मोटर चालू, म्हणजे ७५ टक्के. कोणत्याही साध्या होइस्टचा यात बळी जाईल, मग तो दोन टनाचा असो की पाचाचा. वेग ८ मीटर केला तर तीन तास, म्हणजे सुमारे ३८ टक्के. एम५ वर्गात कसंबसं बसतं. दोन गाठी एकदम उचलल्या तर दीड तास. वजन तेव्हाही ३४० किलोच. म्हणजे इथे अर्ध्या टनाचा पण चांगल्या वर्गाचा आणि दुप्पट वेगाचा होइस्ट हवा, आणि बाजारात चौकशी मात्र दोन टनाची चाललेली असते.

खरं सांगायचं तर हा हिशेब केल्यावर मी त्या मालकाला होइस्टच घेऊ नका असं म्हणेन. गाठी हलवायला क्लॅम्प लावलेला फोर्कलिफ्ट बरा. तो गाठ उचलतो, नेतो आणि थप्पीही लावतो. जिनिंगमध्ये होइस्टचं खरं काम प्रेसच्या डोक्यावर: पंप, सिलिंडर, मोटर वर्षातून काही वेळा उतरवायला. तिथे एम३ भरपूर झाला. चांगली हाताची चेन-कप्पीही चालते. दालमिलमध्ये पोती वरच्या मजल्यावर न्यायची असतील तर बकेट एलेव्हेटर किंवा पट्टा पाहा. हुकाला एकेक कट्टा लावून वर नेणं म्हणजे हमाली वाचवायला हमालच वाढवणं.

साखळी की दोर

फेरे ठरले की मग तऱ्हा. ढोबळ मानाने दोन: साखळीचा होइस्ट आणि वायर रोपचा.

साखळीचा होइस्ट आटोपशीर, बीमच्या जवळ बसणारा. त्याचा हुक सरळ रेषेत वर जातो, त्यामुळे वस्तू मशीनच्या बेडवर किंवा बोल्टांवर अलगद बसवायला सोपा. उचलीची उंची ३ ते ६ मीटर आणि वजन २-३ टनांपर्यंत असेल तर आपल्याकडच्या फॅब्रिकेशनच्या, ट्रॉली बांधणाऱ्या आणि मशीन दुरुस्तीच्या दुकानांना मी डोळे झाकून हाच सांगतो. उतरलेली साखळी गोळा करायला खाली पिशवी किंवा डबा असतो; तो साखळीच्या लांबीला पुरेसा आहे ना ते पाहा, नाहीतर भरून वाहिलेली साखळी एक दिवस कुणाच्या डोक्यावर येते.

वायर रोपचा होइस्ट वेगवान, गुळगुळीत चालणारा, मोठ्या वजनांना आणि मोठ्या उंचीला बरा. पाच टनांच्या वर, दहा मीटरच्या वर किंवा पाळीभर अखंड काम असेल तर तोच. पण त्याला बीमखाली जागा जास्त लागते, आणि साध्या रचनेत दोर ड्रमवर गुंडाळला जाताना हुक हळूहळू एका बाजूला सरकतो. डायवर काम करणाऱ्याला हे सरकणं जाचतं. देऊळगाव राजाहून जवळ असलेल्या जालन्याच्या सळईच्या मिलमध्ये जे मोठे क्रेन दिसतात त्यांच्यावर दोराचेच होइस्ट असतात आणि त्यांचा वर्ग वरचा असतो. ते पाहून आल्यावर आपल्या दहा-बारा फेऱ्यांच्या शेडला तसंच काही घेण्याचा मोह आवरावा.

खराब होण्याची रीतही दोघांची वेगळी. दोर आधी सूचना देतो: एकेक तार तुटते, हातमोज्याला टोचते, व्यास बारीक होतो. साखळी फारसं न बोलता जाते. म्हणून ती डोळ्यांनी नव्हे, मापाने तपासायची. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत ठरावीक कड्यांची मूळ लांबी आणि तिच्या वाढीची मर्यादा दिलेली असते. ती संपली की साखळी बदलायची. एखादं कडं कापून वेल्डिंगने जोडणारे कारागीर आहेत. त्यांना होइस्टच्या जवळ येऊ देऊ नका, कारण साखळीचं पोलाद उष्णोपचार केलेलं असतं आणि वेल्डिंगने तेवढ्या जागी त्याचं बळ जातं.

तिसरी एक वस्तू हल्ली हार्डवेअरच्या दुकानांतही मिळते: घरच्या सिंगल फेजवर चालणारा मिनी होइस्ट. याच्या पाटीवर ‘२००/४००’ असं लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक ४०० वाचून घेऊन जातं. दोर सरळ हुकाला असेल तर तो २०० किलोच उचलतो. सोबतची कप्पी लावून दोर दुहेरी केला तरच ४००, आणि मग वेग निम्मा, उंचीही निम्मी. पाटीवर बारीक अक्षरांत ‘एस३ २० टक्के’ असं काही असेल तर त्याचा अर्थ दोन मिनिटं काम, आठ मिनिटं विश्रांती. गॅरेजमध्ये इंजिन काढायला ठीक. उत्पादनाच्या कामाला नको.

मलकापूरच्या एमआयडीसीतल्या रसायनवाल्यांची गोष्ट निराळी. ज्वलनशील बाष्प असलेल्या भागात साधा होइस्ट चालतच नाही; गॅस गट आणि तापमान वर्ग नमूद असलेला फ्लेमप्रूफ होइस्ट लागतो आणि त्याची मान्यतेची कागदपत्रं मागून घ्यावी लागतात. या बाबतीतली केंद्रीय यंत्रणा ‘पेसो’ हिचं मुख्यालय नागपुरातच आहे. जिथे हवेचा कॉम्प्रेसर आधीच आहे तिथे हवेवर चालणाऱ्या होइस्टचाही विचार करा.

वजन आणि उंची

आता टन. उचलायच्या सगळ्यात जड वस्तूचं वजन अंदाजाने सांगू नका. पोलादाची १ मीटर बाय १ मीटर, १० मिलिमीटर जाडीची प्लेट ७८.५ किलो भरते. गोल सळई किंवा शाफ्टसाठी वर्कशॉपमधलं जुनं सूत्र, मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचे किलो. १०० मिमीचा शाफ्ट मीटरला जवळपास ६२ किलो. जुन्या मशीनची पाटी गेली असेल तर सरळ धर्मकाट्यावर न्या. त्यात स्लिंग, शॅकल, आडव्या बीमचं वजन मिळवा आणि वर पावपट सवड ठेवा.

स्लिंगचा कोन होइस्टच्या नव्हे, स्लिंगच्या जिवावर येतो, आणि नेमका तोच विसरला जातो. दोन पायांच्या स्लिंगने १ टन उचलताना पायांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर सुमारे ५८० किलो ताण येतो. ९० अंशांना तो ७०० च्या वर जातो. १२० अंशांना प्रत्येक पायावर पूर्ण एक टन. स्लिंग आखूड पडली म्हणून पाय फाकवून लावण्याची सवय कामगारांना असते, त्यांना हे आकडे शेडच्या भिंतीवर रंगवून दाखवा.

उंचीचा हिशेब खालून वर नाही, वरून खाली करायचा. बीमचा तळ जमिनीपासून ४.५ मीटर आहे असं धरू. साखळीचा होइस्ट हुक पूर्ण वर घेतल्यावर ०.६ मीटर खातो, हुक ३.९ वर. स्लिंग ०.९ मीटर, वस्तूचा माथा ३ मीटरवर. वस्तू स्वतः १ मीटर उंच. तिचा तळ २ मीटरवर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं फाळकं दीड मीटरवर असेल तर अर्धा मीटर मोकळा राहतो, काम होतं. त्याच जागी १.१ मीटर खाणारा वायर रोप होइस्ट बसवला तर वस्तू फाळक्याला घासते. मग स्लिंग आखूड केली जाते आणि वरच्या परिच्छेदातला कोन फाकतो. ‘लो हेडरूम’ प्रकारचे होइस्ट याच अडचणीसाठी असतात. ते महाग पडतात, पण शेड उंच करण्यापेक्षा स्वस्त.

वेग जास्त म्हणजे चांगला असं नाही. साचे, डाय, मशीन बसवायची तर दोन वेगांचा किंवा वेग हवा तसा बदलणाऱ्या व्हीएफडीचा होइस्ट घ्या. नुसत्या टकटकीने वस्तू बसवणं कॉन्टॅक्टर आणि ब्रेक दोन्ही खातं. विक्रेत्याचे आकडे तपासायचा एक सोपा ताळा आहे: टन गुणिले मिनिटाला मीटर, भागिले सहा. येतं ते लागणारे किलोवॅट, आणि गिअरच्या नुकसानीसाठी त्यात पावपट वाढवा. दोन टन, ४ मीटर: सुमारे १.३, वाढवून १.६ ते १.७ किलोवॅट, म्हणजे दोन एचपीहून जरा जास्त. कुणी दोन टन ८ मीटर वेगाने आणि दोन एचपीच्या मोटरवर देत असेल तर त्या तीन आकड्यांपैकी एक तरी खोटा आहे.

वीज, ऊन आणि रुई

पुण्यातल्या शेडमध्ये सुरळीत चालणारं यंत्र आपल्याकडे का रुसतं, याची कारणं बरीचशी इथे आहेत.

डीपी दूर असेल किंवा आजूबाजूच्या शेतांतले पंप एकदम सुरू झाले की ४१५ व्होल्टचे ३५० होतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे इथे जवळपास ३० टक्के. मोटर कण्हत उचलते आणि तापते. त्याहून वाईट ब्रेकचं. होइस्टचा ब्रेक स्प्रिंगने बंद असतो आणि विजेच्या कॉइलने उघडतो; वीज गेली तर माल हवेत धरून ठेवावा म्हणून ही रचना. व्होल्टेज कमी पडलं की कॉइल ब्रेक पूर्ण उघडत नाही, लायनर घासत राहतो आणि जळतो. दर दोन-तीन महिन्यांनी लायनर बदलावा लागत असेल तर फिटरला बोल लावण्याआधी भर दुपारी, होइस्ट भाराखाली चालू असताना, त्याच्या टर्मिनलवर व्होल्टमीटर लावा. अनेकदा दोष लांबलचक बारीक केबलचा निघतो.

दुसरा धोका जिवावरचा आहे. लाइनचं किंवा रोहित्राचं काम झाल्यावर कधी दोन फेज उलट जोडल्या जातात. मग वरचं बटण दाबलं की हुक खाली जातो. ऑपरेटर म्हणतो, ठीक आहे, उलटं दाबू. पण वरची लिमिट स्विच ‘वर’च्या कॉन्टॅक्टरला जोडलेली असते, ‘खाली’चं बटण दाबून हुक वर नेला तर ती त्याला अडवतच नाही. हुकचा ब्लॉक थेट ड्रमवर आदळतो आणि दोर तुटतो. फेज तपासणारा रिले किरकोळ किमतीचा असतो. तो पॅनेलमध्ये असल्याशिवाय होइस्ट घेऊ नका. सिंगल फेजिंगपासूनही तोच वाचवतो.

ऊन. घाटावर बुलढाण्यात एक वेळ सुसह्य असतं, पण मे महिन्यात घाटाखाली, मलकापूर-नांदुरा-शेगावकडे, पारा ४३-४४ वर जातो आणि होइस्ट टांगलेला असतो पत्र्याला लागून, जिथे खालच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं. मोटरची क्षमता सर्वसाधारणपणे ४० अंशांच्या हवेसाठी सांगितलेली असते. म्हणून घाटाखालच्या पत्र्याच्या शेडला हिशेबाने एम४ निघाला तर एम५ घ्या, इन्सुलेशन एफ वर्गाचं मागा, आणि जड उचल सकाळी उरकायची सवय लावा.

जिनिंगमध्ये आणखी रुईची उड. मोटरच्या पंखाच्या जाळीवर, ब्रेकच्या झाकणात रुई बसते. हवा कोंडते आणि ठिणगीला निमित्त मिळतं. आयपी ५५ दर्जाचं बंद आवरण घ्या. होइस्टला वीज पोचवायला उघड्या अँगलच्या पट्ट्या आणि त्यांवर घासणारे कलेक्टर अजिबात नकोत. लोंबत्या लूपांत सरकणारी केबल ट्रॉली लावा.

टांगायचा कशाला?

कैचीला नाही. शेडची कैची पत्रे, वारा आणि स्वतःचं वजन पेलायला काढलेली असते. मधोमध दोन टन लोंबकळतील हे तिच्या आराखड्यात नसतं. स्वतंत्र खांबांवर बीम घ्या आणि तो कुठला घ्यायचा हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. होइस्टचं वजन आणि उचलतानाचा धक्का त्याने हिशेबात धरलाय ना एवढं विचारा. होइस्ट मागवताना बीमचं नाव कळवा: आयएसएमबी २०० चा फ्लँज १०० मिमी रुंद, २५० चा १२५, आणि दोन्हींना आतून उतार असतो. ट्रॉलीची चाकं त्या उताराला जुळणारी हवीत, नाहीतर ती काठावर चालून फ्लँज वाकवतात. दोन्ही टोकांना स्टॉपर लागतातच. एक टनापर्यंत ढकलायची ट्रॉली चालते, त्यावर हाताच्या साखळीची किंवा मोटरची.

ऑर्डर देताना

कोटेशनमध्ये ‘२ टन होइस्ट’ एवढंच लिहून येतं. परत पाठवा आणि वर्ग, उंची, दोन्ही वेग, बीमखालची जागा, मोटरचे किलोवॅट लिहून मागा. वायर रोप होइस्टसाठी आयएस ३९३८, साखळीच्या इलेक्ट्रिक होइस्टसाठी आयएस ६५४७ हे मानक नमूद असावं. हातातल्या बटणपट्टीचं व्होल्टेज विचारा: ते ट्रान्सफॉर्मरने कमी केलेलं, ११० किंवा त्याहून खाली असावं. स्वस्त यंत्रांत सरळ लाइनचा दाब ऑपरेटरच्या हातात येतो आणि पावसाळ्यात ओल्या हातांनी तीच पट्टी धरली जाते. पट्टीवर लाल इमर्जन्सी बटण हवं, आणि पट्टीचं वजन तारेवर टांगलेलं हवं, केबलवर नाही. हुकला झडप असलीच पाहिजे. ओव्हरलोड अडवणारी सोय मागा. दोराच्या होइस्टमध्ये हुक तळाला असतानाही ड्रमवर किमान दोन वेढे उरले पाहिजेत.

जुन्या बाजारातला होइस्ट घेण्याचा विचार असेल आणि त्याची पाटी नसेल, तर तिथेच विषय संपवा.

बसवून झाल्यावर १२५ टक्के भाराची चाचणी समोर उभं राहून करून घ्या. मग नेहमीचा पूर्ण भार वीतभर उचलून काही मिनिटं तसाच ठेवा; तो हळूहळू उतरताना दिसला तर उरलेले पैसे देऊ नका. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २९ नुसार उचलण्याच्या यंत्रांची, साखळ्यांची आणि दोरांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी आणि तिची नोंद लागत होती, सुरक्षित भार यंत्रावर ठळक लिहावा लागत होता. आता हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावलेला आहे. तपासणीची शिस्त मात्र तीच धरा. सक्षम व्यक्ती म्हणजे ओळखीचा फिटर नव्हे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची मान्यता असलेला माणूस लागतो, आणि तुमची नोंदणी असो-नसो, त्याचा कागद अपघाताच्या दिवशी तुमच्या हाती असावा.

माल उचलायच्या होइस्टवर माणूस कधीच चढवायचा नाही. विहिरीच्या कामावर यारीच्या पाटीत बसून उतरण्याची रीत आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेली आहे, म्हणून पत्र्यावरचा बल्ब बदलायला हुकाला लोंबकळणाऱ्या पोराला कुणी हटकत नाही. हटका. तिरकी ओढही बंद: कोपऱ्यातली वस्तू हुकाने फरफटत आणली की दोर खाचेतून निसटतो आणि दोराचा गाइड फुटतो.

होइस्टबरोबरच एक ब्रेक लायनरचा संच, दोन कॉन्टॅक्टर, एक लिमिट स्विच आणि गाइड मागवून ठेवा. कंपनीचा माणूस पुण्या-मुंबईहून येईपर्यंत चार दिवस जातात आणि प्रेसचा हंगाम तेवढा थांबत नाही. जिनिंगवाल्यांनी वार्षिक तपासणी, तेल बदलणं आणि साखळीची मापं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकावीत. दसऱ्यानंतर फिटर सापडत नाही, आणि सापडलाच तर दुप्पट मजुरी सांगतो.